‘ज्ञ’ : उच्चाराचा वाद आणि अर्थाची हानी

मागील कार्तिकात, वद्य त्रयोदशीला, बहादरपुरातील एका जुन्या घरी ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायाचे वाचन झाले. समाधिदिनाचे हे वाचन आपल्याकडे फार वर्षांचे आहे, आणि अलीकडे ते घरातील मुलांकडून करवून घेण्याची पद्धत पडली आहे. पद्धत चांगलीच आहे. या वेळी पाळी होती नववीत शिकणाऱ्या एका मुलीची. तिचे शिक्षण हिंदी माध्यमातून चाललेले. आवाज मोकळा, वाचन स्वच्छ. परंतु अध्यायाच्या नावातच ‘ज्ञानविज्ञानयोग’ असल्याने आरंभीच तिची वाट अडली. तिने ‘ग्यान’ म्हटले आणि समोर बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हात वर केला : “ग्यान नव्हे बाळ, द्न्यान म्हण.” तिने म्हटले. दोन ओव्या गेल्या, पुन्हा ‘विग्यान’ आले, पुन्हा हात वर झाला. तिसऱ्या खेपेनंतर ती त्या अक्षरापाशी आली की क्षणभर थांबे, जीभ जुळवून घेई आणि मग पुढे जाई. वाचन पार पडले. पण ओवीची म्हणून जी एक चाल असते ती मोडली ती मोडलीच.

चहाच्या वेळी या प्रसंगावर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले, आज ‘ग्यान’ चालवून घेतले तर उद्या ‘ग्यानेश्वर’ चालवून घ्यावे लागेल. कोणी म्हणाले, मुलगी ज्ञानेश्वरी हातात घेते आहे हेच पुष्कळ. मला दोन्ही बोलण्यांत तथ्य दिसले. परंतु ज्या जागेवर उभे राहून दोन्ही पक्ष भांडत होते ती जागाच चुकीची आहे असे मनात येत राहिले. त्या दिवशी ते नीट सांगता आले नाही, म्हणून हा लेखप्रपंच. आपण या अक्षराच्या उच्चारावर पहारा बसवला आहे, आणि त्या अक्षरातून निघालेले अर्थ मागील दाराने घर सोडून जात आहेत, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम उच्चाराचा निकाल लावू. वर्णमालेच्या अखेरीस ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ या दोन जोडाक्षरांना आपण स्वतंत्र अक्षरांचा मान दिला आहे. ‘ज्ञ’चे घटक ज् आणि ञ. व्याकरणाप्रमाणे उच्चार व्हायचा तो या दोहोंच्या संयोगाचा. परंतु तसा तो ना मराठी घरांत होतो ना हिंदी घरांत. मराठी माणूस ‘द्न्य’ म्हणतो, हिंदी माणूस ‘ग्य’, गुजराती माणूस ‘ग्न’. बऱ्हाणपूरच्या बाजारात अर्धा तास काढला तर तिन्ही कानांवर पडतात. आपल्या ‘द्न्य’मध्ये जो द् आहे तो या अक्षरात कोठेच नाही, जसा ‘ग्य’मधील ग् नाही. तेव्हा एकाला शुद्ध आणि दुसऱ्याला अशुद्ध ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या शास्त्राने दिला, हे सांगणे कठीण आहे. हा रूढीचा अधिकार आहे. रूढीला मान द्यावा, पण तिला पाणिनीचे नाव देऊ नये.

याच संदर्भात एक जुनी गोष्ट आठवते. १९८२ ते १९८७ या काळात आपले राष्ट्रपती असलेले झैलसिंग मराठी वृत्तपत्रांत ‘ग्यानी झैलसिंग’ असे छापले जात. ग्यानी ही शीख परंपरेतील धर्मग्रंथांच्या अभ्यासकाची पदवी. म्हणजे आपला ‘ज्ञानी’च. परंतु उच्चाराबरहुकूम लिहिल्यामुळे अक्षर नाहीसे झाले आणि शब्दाची ओळखही बुजली. ज्ञानदेव आणि ग्यानी हे एकाच कुळातले आहेत, हे त्या पाच वर्षांत आमच्या वाचनालयातील किती जणांच्या मनात आले असेल? माझ्या तरी आले नव्हते.

आपली लिपी ध्वनीची असल्याने एका अक्षराचे दोन उच्चार आपल्याला खटकतात. चीन आणि जपान यांच्या लेखनव्यवहारात मात्र हीच गोष्ट नित्याची आहे. तेथे चिन्ह प्रथम अर्थाचे असते. ‘जाणणे’ या अर्थाचे एक चिन्ह घेऊ : डावीकडे बाण, उजवीकडे तोंड, अशी त्याची घडण. चिनी वाचक त्याचा उच्चार जीभ मागे वळवून ‘ज’च्या जवळपास करतो. जपानी लोकांनी चिनी लिपी उचलली तेव्हा तेच चिन्ह त्यांच्याकडे ‘ची’ झाले. आणि स्वतःच्या देशी बोलीतील क्रियापद लिहायचे असेल तेव्हा त्याच चिन्हाला ते ‘शिरु’ असे वाचतात. म्हणजे एकाच चिन्हाला एक आणलेला उच्चार आणि एक घरचा शब्द. त्यावरून कोणी कोणाला हात वर करून थांबवीत नाही. थांबावे लागते ते अर्थापाशी. या चिन्हापुढे ‘माणूस’ हे चिन्ह मांडले तर जपानी वाचकाला त्यात ‘ओळखीचा माणूस’ दिसतो. चिनी वाचकाला ‘माणसांची पारख असणे’ दिसते. त्याच्यापुढे ‘कार्य’ या अर्थाचे चिन्ह ठेवले तर जपानमध्ये तो प्रांताचा प्रमुख अधिकारी होतो. डोळ्यांना सारखे दिसते म्हणून मनालाही सारखेच कळले, असे समजणाऱ्या भाषांतरकाराची फजिती तेथे ठरलेली असते.

आपला ‘ज्ञ’ या जातीच्या चिन्हांना वाटतो त्यापेक्षा अधिक जवळचा आहे, कारण तो नुसता ध्वनी नाही. ‘क’ला किंवा ‘म’ला व्यवहारात अर्थ नसतो, ‘ज्ञ’ला आहे. ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. सांख्यकारिकेच्या दुसऱ्याच कारिकेत व्यक्त आणि अव्यक्त यांच्या जोडीला तिसरे तत्त्व म्हणून हा एकाक्षरी ‘ज्ञ’ येतो आणि त्याचा अर्थ पुरुष, चैतन्य, असा होतो. ज्योतिषाच्या ग्रंथांत ‘ज्ञ’ म्हणजे बुध ग्रह. सर्वज्ञ, कृतज्ञ, तज्ज्ञ, सुज्ञ या शब्दांत तो शेवटी बसून तेच काम करतो. महानुभाव वाङ्मयात तर ‘सर्वज्ञ’ हे विशेषण राहिलेच नाही. ते चक्रधरस्वामींचे नावच झाले.

आता हा ‘ज्ञ’ मराठीच्या स्वतःच्या तोंडात कसा होता ते पाहावे. ‘द्न्य’चा आग्रह धरणाऱ्यांनी ही बाजू सहसा पाहिलेली नसते. ज्या महाराष्ट्री प्राकृताचा वारसा आपण अभिमानाने सांगतो तिच्यात सर्वज्ञ ‘सव्वण्णु’ होता, विज्ञान ‘विण्णाण’ होते, आज्ञा ‘आणा’ होती. त्या मार्गाने जे शब्द पुढे मराठीत उतरले ते आपण रोज वापरतो आणि त्यांच्यात ‘ज्ञ’ आहे याची आपल्याला कल्पनाही नसते. राज्ञीची राणी झाली. आज्ञेची आण झाली. ‘तुला माझ्या गळ्याची आण’ म्हणणारी आजी संस्कृत आज्ञाच देत असे. सज्ञानाचा शहाणा झाला, यज्ञोपवीताचे जानवे झाले, विज्ञापनेतून विनवणे आले. आणि मूळ धातू तर जाण, जाणता, जाणीव, नेणता, नेणीव अशा सगळ्या गोतावळ्यासह नांदतो आहे. एका अर्थाने ‘ज्ञ’चा अस्सल मराठी उच्चार ‘ण’ आहे असे म्हणावे लागेल. ‘द्न्य’ हा पोथीतून परत आलेल्या संस्कृत अक्षराला विद्वानांच्या परंपरेने दिलेला उच्चार होय. हिंदीचीही हीच कथा : रानी, आन, सयाना, जनेऊ, जानना. चिनी-जपानी चिन्हाला दोन वाचने असतात तशी येथेही दोन आहेत, एक ग्रंथातले आणि एक घरचे. फरक एवढाच की ‘ची’ आणि ‘शिरु’ यांचे एकमेकांशी काही नाते नाही, आणि ‘ज्ञान’ व ‘जाण’ ही सख्खी भावंडे आहेत.

या अक्षराने एक मोठा प्रवासही केला आहे, आणि त्या प्रवासातील एक माणूस आपल्या भागाच्या जवळपास येऊन गेला होता. ह्युएन्-त्संग सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला. त्याने वर्णिलेला डोंगरात कोरलेला विहार म्हणजे अजिंठाच, असे अभ्यासक मानतात. ६४५ मध्ये तो परत चीनला पोहोचला आणि उरलेले आयुष्य त्याने भाषांतरात घालवले. त्याच्या नावे भाषांतराचे पाच नियम सांगितले जातात. त्यांत कोणत्या प्रकारच्या शब्दांचे भाषांतर करू नये, ध्वनी तसाच ठेवावा, हे दिले आहे. त्यातला एक प्रकार म्हणजे ज्यांचे भाषांतर केल्यास आदर उणावतो असे शब्द, आणि त्याचे उदाहरण ‘प्रज्ञा’. चिनी भाषेत शहाणपण, बुद्धी यांसाठी शब्द होतेच. पण ते घातले की प्रज्ञा उथळ होते, असा त्याचा अभिप्राय. म्हणून दोन चिन्हे निव्वळ ध्वनीसाठी वापरायची आधीपासूनची रीत त्याने कायम ठेवली. ती आज चीनमध्ये ‘बोरे’ अशी वाचली जातात. गंमत अशी की तीच दोन चिन्हे एरवी भेटली तर चिनी माणूस त्यांचा उच्चार निराळा करतो. या एका शब्दापुरता हा उच्चार परंपरेने राखला आहे. त्या चिन्हांच्या जुन्या उच्चारावरून असे मानले जाते की चीनपर्यंत पोहोचलेले रूप संस्कृत ‘प्रज्ञा’ नसून पालीतील ‘पञ्ञा’सारखे प्राकृत रूप होते. म्हणजे हा शब्द हिमालयापलीकडे गेला तेव्हा त्यात ‘द्न्य’ नव्हता आणि ‘ग्य’ही नव्हता.

पुढे तीच चिन्हे जपानमध्ये गेली व ‘हान्न्या’ झाली. प्रज्ञापारमिताहृदय हे छोटे सूत्र तेथे ‘हान्न्या शिंग्यो’ या नावाने आजही मठांत नित्य म्हटले जाते. होर्यूजी या मंदिरात जपून ठेवलेले त्याचे संस्कृत ताडपत्र आता टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या अखेरीस वर्णमाला लिहिलेली आहे, हे मला फार हृद्य वाटते. कोणा परक्या शिष्याला अक्षरे गिरवता यावीत म्हणून ती लिहिली असावी, असे मनात येते. पण शब्द परमुलखात गेला की फक्त देवघरात बसत नाही. नो नाट्यातील मत्सराने राक्षसी झालेल्या स्त्रीचा, दोन शिंगांचा मुखवटाही ‘हान्न्या’च म्हणवला जातो, तो घडवणाऱ्या हान्न्याबो नावाच्या भिक्षूवरून हे नाव पडले अशी परंपरा आहे. आणि मद्य वर्ज्य असलेल्या मठवासीयांनी मद्याला सांकेतिक नाव दिले ‘हान्न्यातो’. यातील शेवटच्या चिन्हाचा अर्थ जपानीत ऊन पाणी, चिनीत रस्सा अथवा काढा. प्रज्ञेचा काढा! हे वाचून आमच्या एका मित्रांनी आपल्याकडील ‘तीर्थ’ या शब्दाची आठवण दिली. ते असो.

ह्युएन्-त्संगाला आपण जे भय बाळगतो ते नव्हते. त्याला उच्चार बिघडण्याची धास्ती नव्हती. तो बिघडणारच हे त्याला दिसत होते. त्याला धास्ती होती ती अर्थ हलका होण्याची. हा विवेक मला आपल्या चर्चेत हवा होता.

आपल्या घरांत काय होते ते सांगतो. रावेर तालुक्यात आमच्या घराण्याची थोडी जमीन होती. तिचे जुने सातबारा उतारे मी गेल्या वर्षी काढून बसलो होतो आणि नातू शेजारी होता. वडील अकाली गेल्यानंतरच्या एका नोंदीत माझ्या नावापुढे ‘अज्ञान’ असे लिहिले आहे आणि पुढे पालनकर्ती म्हणून आईचे नाव. नातवाने ते वाचले, अर्थात ‘अग्यान’, आणि अगदी गंभीरपणे विचारले, “आजोबा, सरकारने तुम्हाला अज्ञानी का लिहिलं?” मी हसलो, पण नंतर ते हसू राहिले नाही. मराठी कायद्याच्या व्यवहारात अज्ञान म्हणजे वयात न आलेला आणि सज्ञान म्हणजे वयात आलेला. हिंदीत त्यासाठी नाबालिग आणि बालिग, किंवा अवयस्क आणि वयस्क. हिंदीत ‘अज्ञान’ म्हणजे फक्त ज्ञानाचा अभाव. नातवाचे अक्षर बरोबर होते, त्याच्या परीने उच्चारही बरोबर होता आणि त्याला माहीत असलेला अर्थही चुकीचा नव्हता. तरी तो कागद त्याला वाचता आला नाही. उद्या आपल्या घराण्यांतील वाटणीपत्रे, दत्तकपत्रे, मृत्युपत्रे ज्यांच्या हाती जायची आहेत ती मुले नागरी लिपी उत्तम वाचतात, आणि हीच खरी अडचण आहे. लिपी परकी असती तर त्यांनी कोणाला तरी विचारले असते.

‘विज्ञापन’ या शब्दाचेही असेच. जुन्या मराठी पत्रांत आपल्याहून थोराला लिहिताना ‘सेवेसी विज्ञापना’ असे घालत. त्यात अदब होती, विनंती होती. हिंदीत विज्ञापन म्हणजे जाहिरात. आपल्या एका परिचिताने घराण्यातील मोडी पत्रांचे नागरीत लिप्यंतर करवून घेतले आणि पुढे त्याचा हिंदी सारांश दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतला. त्या सारांशात त्यांच्या पूर्वजांनी पेशव्यांकडे ‘विज्ञापन’ पाठवल्याचे वाक्य जसेच्या तसे उतरले आहे. हिंदी वाचकाने त्यातून काय घ्यावे? लिप्यंतर निर्दोष होते हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

आणखी किती दाखवावेत! हिंदी व्याकरणात संज्ञा म्हणजे नाम. कामताप्रसाद गुरूंच्या १९२० च्या ‘हिंदी व्याकरणा’पासून पाठ्यपुस्तकांपर्यंत तोच शब्द. मराठीत दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून ‘नाम’ चालत आले आहे आणि ‘संज्ञा’ म्हणजे शास्त्रातील पारिभाषिक शब्द. हिंदीत सविनय अवज्ञा, तर मराठीत सविनय कायदेभंग. कारण मराठी कानाला अवज्ञेत उपमर्दाचा वास येतो. बऱ्हाणपुरात ज्ञापन खालून वर जाते, म्हणजे नागरिक ते जिल्हाधिकाऱ्यांना सोपवतात. तापीकाठानेच खाली जळगाव जिल्ह्यात ज्ञापन वरून खाली येते, म्हणजे वरिष्ठ ते कर्मचाऱ्याला बजावतात. आपल्या विवाहविषयक टाचणांत ‘ज्ञाती’ असे लिहिलेले पाहून हिंदी भाषक सोयऱ्यांना ते ‘जाति’चे चुकलेले लेखन वाटते. डॉक्टरांच्या पाट्यांवर इकडे विशेषज्ञ, तिकडे तज्ज्ञ. हे शेवटचे निरुपद्रवी आहे.

नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राज्यव्यवहारात स्थान होते. तेव्हा नागपुरात बसून डॉ. रघुवीरांनी संस्कृत धातूंवर परिभाषेचा केवढा डोंगर उभा केला हे जुन्यांना आठवत असेल. संस्कृत शब्द दिला की तो सर्व भारतीय भाषांना सारखाच चालेल, ही त्यामागची श्रद्धा. श्रद्धा मोठी होती, पण ती शब्दाच्या अंगकाठीवर होती. शब्द ज्या घरात राहतो त्या घराचा वास त्याला लागतो, हे तिने हिशेबात धरले नाही. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, वऱ्हाड आणि नागपूर मुंबई राज्यात गेले, निमाड मध्यप्रदेशात राहिला. उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले त्या काळापासून येथे स्थिरावलेली जी मराठी घराणी होती, त्यांची लिपी बदलली नाही. गुजरातेत किंवा कर्नाटकात गेलेल्या मराठी कुटुंबांना निदान पाटी वाचताना तरी आपण दुसऱ्या भाषेत आहोत हे कळते. आपल्याला ते कळत नाही. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आदिलशाह फारुकीने शके १५११ चा जो लेख कोरवला आहे तो अरबीत आहे तसा संस्कृतातही आहे. दोन भाषा दोन लिप्यांत उघडपणे शेजारी उभ्या आहेत. आपल्याकडे दोन भाषा एकाच लिपीत एकमेकींवर लिहिल्या गेल्या आहेत.

पुन्हा त्या सातव्या अध्यायाकडे येतो. ‘ज्ञानविज्ञान’ या जोडीतील ‘विज्ञान’ म्हणजे काय, यावर भाष्यकारांत एकवाक्यता नाही. शंकराचार्यांना तेथे ज्ञानाला मिळालेली अनुभवाची जोड अभिप्रेत आहे. ज्ञानदेव निराळे सांगतात. त्यांच्या मते स्वरूपाचे ते ज्ञान आणि प्रपंचाचे ते विज्ञान. आज विज्ञान हा शब्द ज्या अर्थाने शाळेत शिकवला जातो त्याच्या हे अनपेक्षितपणे जवळ येते. पण माझ्या दृष्टीने त्या ठिकाणचे खरे मर्म पुढे आहे. ज्ञान हा ग्रंथातला शब्द आणि जाणीव हा घरचा शब्द, एकाच धातूची ही दोन रूपे ज्ञानदेव तेथे समोरासमोर उभी करतात. ज्ञान उगवते तेथे जाणिवेला विसावा घ्यावा लागतो, असा त्यांचा आशय. ज्या भाषेत ‘ज्ञ’चे फक्त एकच वाचन शिल्लक आहे त्या भाषेत हे सांगताच येणार नाही. हिंदी अनुवादात जाणिवेच्या जागी बुद्धी घातली काय किंवा चेतना घातली काय, त्या दोन शब्दांतले रक्ताचे नाते तुटते आणि विरोधाची सगळी धार त्या नात्यातच आहे.

आधुनिक मराठी समीक्षेनेही हा शब्द किती कामाला लावला आहे! हिंदीत जी दलित चेतना, ती मराठीत दलित जाणीव. मनाच्या ज्या थराला आपण आज ‘नेणीव’ म्हणतो त्याला हिंदीत अचेतन म्हणतात. चेतना हा स्वतःच्या जागी उत्तम शब्द आहे, पण तो पंडितांनी दिलेला आहे. जाणीव आणि नेणीव हे जोडपे जात्यावर बसणाऱ्या बाईलाही ठाऊक होते. समीक्षेला इतकी घरगुती परिभाषा मिळणे ही मराठीची मिळकत आहे असे मी समजतो. मराठी समीक्षक दुसऱ्या पुष्कळ बाबतींत उगाच जड लिहितात हे कबूल करूनही.

वाचन संपल्यावर, माणसे पांगली तेव्हा मी त्या मुलीला जवळ बोलावले. तिच्या उच्चाराविषयी काही बोललो नाही. ‘जाणीव’ हा शब्द तिने अगदी अचूक वाचला होता, णकारासकट. तेथे कोणाचाही हात वर झाला नव्हता. मी तिला त्याचा अर्थ विचारला. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “जानकारी ना, आजोबा?”

मी तिला दोष दिला नाही. जानकारी म्हणजे माहिती. ती बाहेरून मिळते, देता येते, मागता येते, खिडकीवर बसून वाटता येते. जाणीव तशी नाही. हे मी तिला दोनचार उदाहरणे देऊन सांगितले. आईला बरे नाही ही माहिती आणि आईला बरे नाही ही जाणीव, या दोहोंत काय अंतर आहे ते तिला लगेच समजले. मग ‘नेणीव’ काय, हे तिने आपण होऊन विचारले आणि आमचे बोलणे बराच वेळ चालले. तिच्याजवळ शब्द नव्हता, समज होती.

घरी जायला निघालो तेव्हा दाराशेजारच्या फळ्यावर लक्ष गेले. त्यावर त्या वाचनाची सूचना आठवडाभर लिहिलेली होती. “सर्व सभासदांना जानकारी देण्यात येते की” अशी तिची सुरुवात होती. शंभरावर मराठी माणसे ती वाचून आत गेली असतील. ती सूचना माझ्याच हातची होती.